दुसरा डे झिरो

बोनमॅरो ट्रान्सप्लांटच्या वॉर्डात तारीख कुणी विचारत नाही. आज मायनस चार, आज डे झिरो, आज प्लस अकरा, असा हिशेब चालतो. मायनसच्या दिवसांत जोरदार केमोथेरपी देऊन मुलाची स्वतःची मज्जा साफ केली जाते. डे झिरोला डोनरच्या स्टेम सेलची पिशवी सलाइनसारखी टांगतात. गडद लाल रंगाची ती पिशवी बघून पहिल्यांदाच आलेल्या आईबापांचा बहुधा विरसच होतो. ऑपरेशन नाही, टाके नाहीत. छातीतल्या नळीतून काही तासांत पिशवी रिकामी होते आणि नर्स ती काढून घेऊन जाते. आत गेलेल्या पेशींना वाट कुणी दाखवत नाही. रक्तातून फिरत फिरत त्या आपल्याआपण हाडांच्या पोकळीत पोचतात आणि तिथे मुक्काम ठोकतात. निदान ठोकावा, अशी अपेक्षा असते.

मग काउंटची वाट बघणं सुरू. रोज पहाटे रक्त काढतात, दुपारपर्यंत रिपोर्ट येतो. पांढऱ्या पेशी १००. उद्याही १००. परवा ५०. निरोगी मुलात हाच आकडा चार-पाच हजारांच्या वर असतो. पांढऱ्या पेशींपैकी न्यूट्रोफिल नावाच्या पेशी सलग तीन दिवस ५०० च्या वर राहिल्या, की ग्राफ्टने, म्हणजे डोनरच्या पेशींनी, जीव धरला असं मानतात. बहुतेक मुलांत हे दोन ते चार आठवड्यांत होतं. २८ व्या दिवसापर्यंत झालं नाही, तर फाइलवर ‘प्रायमरी ग्राफ्ट फेल्युअर’ असे शब्द उमटतात. नाळेतलं रक्त वापरलं असेल तर ४२ दिवसांपर्यंत थांबतात. काही मुलांचे काउंट झकास वर येतात, मूल घरी जातं, आणि काही महिन्यांनी सगळं घसरायला लागतं. ते ‘सेकंडरी’.

इथवर ऐकलेल्या नातेवाइकांचा पहिला प्रश्न असतो, ‘मग पुन्हा करायचं का?’ डॉक्टर मात्र त्याआधी वेगळाच प्रश्न सोडवत असतात: आत्ता मुलाच्या हाडांत आहे तरी कोण? उत्तर कायमेरिझम नावाच्या तपासणीतून मिळतं. रक्तातल्या पेशींचा डीएनए तपासून त्यातल्या किती टक्के डोनरच्या आणि किती मुलाच्या स्वतःच्या, हे सांगणारा तो रिपोर्ट. भावाला बहिणीची मज्जा दिली असेल तर वाय गुणसूत्र असलेल्या पेशी मोजूनही अंदाज येतो.

निकालाच्या तीन तऱ्हा असतात आणि तिन्हींचं पुढचं गणित निराळं. पहिल्या तऱ्हेत पेशी कमी आहेत, पण आहेत त्या सगळ्या डोनरच्याच. म्हणजे ग्राफ्ट बसलाय, नुसता ढिम्म आहे. अशा वेळी त्याच डोनरकडून निवडक स्टेम सेल घेऊन आणखी एक डोस देतात, तोही बहुधा नव्याने केमो न देता. वॉर्डात याला ‘बूस्ट’ म्हणतात. याला दुसरं ट्रान्सप्लांट म्हणणं मला पटत नाही, पण घाबरलेल्या घरात दोन्हींची सरमिसळ होते आणि विनाकारण रडारड होते.

दुसऱ्या तऱ्हेत डोनरच्या पेशी हुसकल्या गेल्या आणि मुलाची जुनी मज्जा परत उगवली. थॅलेसेमियाच्या मुलांत हे होतं. येरे माझ्या मागल्या: पुन्हा रक्त चढवणं, पुन्हा लोह उतरवणाऱ्या गोळ्या. दुःख मोठं, पण मूल जगतं. तिसरी तऱ्हा सगळ्यांत वाईट. डोनरचंही काही नाही, स्वतःचंही काही नाही. अप्लास्टिक ॲनिमियात मुलाची मज्जा मुळातच सुकलेली असते, त्यामुळे ग्राफ्ट गेला की मागे बहुधा रिकामी हाडंच उरतात. पांढऱ्या पेशींवाचून दिवस काढणाऱ्या मुलाला जंतूंनी आणि बुरशीने गाठण्याआधी पुढचं पाऊल उचलावं लागतं. थॅलेसेमियात सहा महिने, वर्षभर थांबून लिव्हरला, फुफ्फुसांना सावरू देता येतं. इथे हिशेब आठवड्यांचा असतो.

मधली एक गंमतही सांगायला हवी. थॅलेसेमियात रिपोर्टवर डोनरच्या पेशी ४० टक्के दिसल्या म्हणून आईबाप हबकतात. पण हा आकडा महिनोन्‌महिने स्थिर राहिला तर मूल रक्ताशिवाय मजेत राहू शकतं. २०-३० टक्क्यांवरही राहिलेली मुलं आहेत. थॅलेसेमियाच्या लाल पेशी पुरत्या तयार होण्याआधीच मज्जेत मरतात, डोनरच्या पेशी तगतात. त्यामुळे मज्जेत डोनर अल्पमतात असला तरी रक्तात बहुमत त्याचंच होतं. चिंता आकड्याची नसते, तो खाली सरकतोय का याची असते.

आता हे सगळं बुलढाणा जिल्ह्यात आणून बघू. अमडापूर हे चिखलीहून खामगावकडे जाताना लागणारं, बल्लाळदेवीमुळे पंचक्रोशीला ठाऊक असलेलं गाव. तिथलं एखादं थॅलेसेमियाचं मूल डोळ्यांपुढे आणा. दर तीन-चार आठवड्यांनी त्याला रक्त लागतं. त्यासाठी खामगाव, बुलढाणा, नाहीतर अकोला. ट्रान्सप्लांटसाठी शेगाव किंवा मलकापूरहून रात्रीची गाडी धरून मुंबई. आता समृद्धी महामार्गही आहे. माझं म्हणणं असं, की या मुलाचं पहिलं ट्रान्सप्लांट टिकणार का आणि न टिकल्यास दुसरं झेपणार का, याचा बराचसा निकाल मुंबईच्या काचेआडच्या खोलीत लागत नाही. तो आधीच्या आठ-दहा वर्षांत, रक्तपेढीच्या बाकावर लागत आलेला असतो.

रक्ताच्या प्रत्येक पिशवीत लाल पेशींबरोबर परक्या माणसाच्या काही पांढऱ्या पेशी येतात. त्यांच्यावर एचएलए नावाच्या खुणा असतात. प्रत्येकाची ठेवण निराळी, आणि मुलाची प्रतिकारशक्ती त्या खुणा ओळखून लक्षात ठेवते. शंभर पिशव्या चढलेल्या मुलाकडे अशा ‘परक्यांची’ लांबलचक यादी तयार असते. पुढे डोनरच्या स्टेम सेलवर त्यातलीच एखादी खूण दिसली, की हल्ला ठरलेला. म्हणून पांढऱ्या पेशी गाळणारा फिल्टर लावलेलं रक्त द्यावं, असं तज्ज्ञ सांगतात. फिल्टरचा खर्च पिशवीमागे काहीशे रुपयांत असतो; न लावल्याची किंमत दहा वर्षांनी कळते.

यातलाच एक मुद्दा घराघरात पोचायला हवा. ट्रान्सप्लांटची शक्यता असलेल्या मुलाला आई, बाप, भाऊ, बहीण, काका यांचं रक्त देऊ नये. आपल्याकडे उलट होतं. पोरगं आजारी पडलं की बाप आधी बाही वर करतो, ‘माझंच काढा’ म्हणतो. माया खरी, पण उद्या तोच डोनर ठरायचा असतो आणि मुलाच्या शरीराने त्याला आधीच परक्यांच्या यादीत टाकलेलं असतं. अप्लास्टिक ॲनिमियात तर रक्त फारसं न चढवता ट्रान्सप्लांट झालेल्यांत ग्राफ्ट नाकारला जाण्याचं प्रमाण कितीतरी कमी असतं, हे अमेरिकेतल्या सिएटलच्या डॉक्टरांनी फार पूर्वीच दाखवून दिलं.

दुसरी गोष्ट लोहाची. एका पिशवीतून २०० ते २५० मिलिग्रॅम लोह शरीरात जातं आणि शरीर दिवसाला जेमतेम एक-दोन मिलिग्रॅम बाहेर टाकू शकतं. उरलेलं लिव्हरमध्ये, हृदयात साचतं. इटलीतल्या पेसारो गावात ग्विदो लुकारेल्ली यांनी १९८० च्या दशकापासून थॅलेसेमियाच्या शेकडो मुलांची ट्रान्सप्लांट केली आणि जोखीम ओळखण्याच्या तीन खुणा बांधून दिल्या: लिव्हर किती वाढलंय, त्यात जाळी धरली आहे का, आणि लोह उतरवण्याचं औषध नेमाने चाललं होतं का. तिन्ही वाईट असतील तर मूल तिसऱ्या वर्गात. या तिसऱ्या खुणेकडे मी पुन्हा पुन्हा बघतो. ती रोगाची खूणच नाही. गोळ्या वेळेवर मिळाल्या का, एसटी चुकली का, सोयाबीन काढणीत तारीख विसरली का, याची ती नोंद आहे. आपल्याकडची, विशेषतः खेड्यांतली कितीतरी मुलं तिसऱ्या वर्गात पोचूनच ट्रान्सप्लांटला येतात. अशा लिव्हरला एकदा केमोचा मार बसल्यावर दुसऱ्यांदा तोच मार देता येत नाही.

शेतकऱ्याला हे समजवायचं तर दुबार पेरणीचं उदाहरण सहज सुचतं, आणि वऱ्हाडात ते कुणाला उलगडून सांगावं लागत नाही. बियाणं तेच, रान तेच, पण ओल गेलेली, हंगाम आखूड झालेला, हातचा पैसा संपलेला. मात्र एका ठिकाणी हे उदाहरण फसतं. रान बियाणं लक्षात ठेवत नाही, शरीर ठेवतं. म्हणून दुसऱ्या वेळी ‘तेच पुन्हा’ करून भागत नाही. औषधं बदलतात, डोस बदलतो, कधी डोनरही बदलतो.

हे काही नव्याने उमगलेलं नाही. ज्या घटनेला जगातलं पहिलं यशस्वी मॅचिंग बोनमॅरो ट्रान्सप्लांट म्हणतात, तीच मुळात दोन ट्रान्सप्लांटची गोष्ट आहे. १९६८ साली अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात रॉबर्ट गुड यांच्याकडे काही महिन्यांचं एक बाळ आलं. जन्मतः प्रतिकारशक्ती नाही, आणि त्याच्या घराण्यातले कितीतरी मुलगे याच दोषाने दगावलेले. त्याच्या बहिणीची मज्जा त्याला दिली. प्रतिकारशक्ती आली, पण बहिणीच्या त्या पेशींनी बाळाच्या स्वतःच्या मज्जेवरच हल्ला चढवला आणि रक्त तयार होणं बंद पडलं. आगीतून फुफाट्यात. गुड यांनी त्याच बहिणीची मज्जा पुन्हा दिली. या खेपेला सगळं रक्तच तिचं झालं, रक्तगटसुद्धा बदलून तिचा आला. मुलगा पुढे मोठा झाला. पाठ्यपुस्तकात यातलं एकच ट्रान्सप्लांट लक्षात राहतं, हा भाग वेगळा.

भारतात ही गोष्ट मुंबईत सुरू झाली. २० मार्च १९८३ रोजी टाटा मेमोरियल रुग्णालयात डॉ. सुरेश अडवाणी यांनी रक्ताच्या कॅन्सरने आजारी असलेल्या नऊ वर्षांच्या मुलीला तिच्या भावाची मज्जा दिली. बालपणी पोलिओ झाल्यामुळे अडवाणी व्हीलचेअरवरून काम करत. हे तंत्र ते सिएटलला डॉनल थॉमस यांच्याकडे शिकून आले होते. थॉमस यांना त्यासाठी १९९० मध्ये नोबेल मिळालं. टाटातल्या त्या पहिल्या ट्रान्सप्लांटनंतर तीन वर्षांनी वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने काम सुरू केलं आणि थॅलेसेमियाच्या मुलांचा तिकडे ओघ लागला. आज टाटाचं ट्रान्सप्लांट युनिट खारघरच्या ॲक्ट्रेक या टाटाच्याच केंद्रात आहे, मुंबई महापालिकेनेही बोरिवलीत थॅलेसेमियाच्या मुलांसाठी स्वतंत्र केंद्र काढलं.

दुसऱ्या ट्रान्सप्लांटचा पहिला पेच डोनरचा. सख्खं भावंड पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक. ते एकच भावंड जुळलं होतं आणि त्याचाच ग्राफ्ट गेला, तर? नाकारण्यामागे प्रतिकारशक्तीचा हात असेल तर डोनर बदलावा असा कल असतो. पेशी कमी पडल्या होत्या किंवा विषाणूने घात केला होता, तर तोच डोनर चालतो. आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्न करण्याची चाल अजून पुष्कळ घरांत आहे. त्यातून थॅलेसेमियासारखे आजार पुढच्या पिढीत उतरण्याचा धोका वाढतो, पण अशा घरात भावंडांपलीकडेही, चुलत-मामे नात्यात, पूर्ण मॅच सापडण्याची शक्यता वाढते. तिथे शोध घ्यायलाच हवा. डोनर रजिस्ट्रीचा रस्ता आहे, पण तो लांबचा. तिसऱ्या तऱ्हेच्या मुलाला तेवढी सवड नसते.

म्हणून अलीकडे बापाकडे किंवा आईकडे वळतात. आईबाप मुलाशी नेहमीच अर्धे जुळतात. वॉर्डात आणि घरात सगळे याला ‘हाफ मॅच’ म्हणतात. पूर्वी अर्ध्या जुळणीत डोनरच्या लढाऊ पेशी मुलाच्या कातडीवर, आतड्यांवर तुटून पडायच्या. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समधल्या डॉक्टरांनी यावर सोपी वाटणारी युक्ती काढली: पेशी दिल्यानंतर तिसऱ्या आणि चौथ्या दिवशी सायक्लोफॉस्फामाइड हे जुनं, स्वस्त औषध द्यायचं. परकं शरीर बघून खवळलेल्या पेशी तोवर भराभर वाढायला लागलेल्या असतात, त्या या औषधाने मरतात. स्टेम सेल मात्र वाचतात, कारण या औषधाला निष्प्रभ करणारं एन्झाइम त्यांच्याकडे भरपूर असतं. हाफ मॅच ट्रान्सप्लांट आपल्याकडच्या मध्यम आकाराच्या रुग्णालयांतही होऊ लागलं, त्यामागे या युक्तीचा मोठा वाटा आहे.

पण अर्ध्या जुळणीआधी मुलाच्या रक्तात त्या विशिष्ट डोनरविरुद्ध प्रतिपिंडं आहेत का, हे तपासावंच लागतं. परक्यांची यादी म्हटली ती हीच. बापाविरुद्ध निघाली आणि आईविरुद्ध नाही, तर आई डोनर. दोघांविरुद्ध असली तर प्लाझ्मा बदलून, औषधं देऊन ती आधी खाली आणतात. कुणाला असं वाटेल की आईविरुद्धची प्रतिपिंडं मुलात कशी असतील, तिनेच तर वाढवलं. शरीराला ही भावना नसते.

डोनर बापाची हजेरी जवळून बघण्यासारखी असते. चार-पाच दिवस रोज एक इंजेक्शन घ्यायचं, त्याने मज्जेतल्या स्टेम सेल रक्तात उतरतात. कंबर, मांड्या ठणकतात; शेतात राबणारा माणूस म्हणतो की सोंगणीनंतर दुखतं तसंच. मग दोन्ही हातांत सुया लावून चार-पाच तास मशीनजवळ पडून राहायचं. एका हातातून रक्त जातं, मशीन हव्या त्या पेशी बाजूला काढतं, बाकीचं दुसऱ्या हातातून परत. ओठांभोवती मुंग्या येतात, कारण रक्त गोठू नये म्हणून वापरलेलं औषध कॅल्शियम कमी करतं. नर्स कॅल्शियम देते. मुलाच्या प्रत्येक किलो वजनामागे निदान २० लाख स्टेम सेल हव्यात. दुसऱ्या खेपेला याहून कितीतरी जास्त मागतात. मोठा बाप आणि छोटं मूल असेल तर भरपूर मिळतात. लहान मुलांच्या बाजूने असलेल्या थोड्या गोष्टींतली ही एक.

डोनर लहान भावंड असेल तर मन घुटमळतं. आपल्या १९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्यात अवयव म्हणजे शरीर जो पुन्हा बनवू शकत नाही असा भाग. मज्जा काही आठवड्यांत भरून येते, म्हणून तिचा विचार मूत्रपिंडासारखा होत नाही आणि सात वर्षांची बहीणही देऊ शकते. पण दुसऱ्यांदा? पहिल्या खेपेला ‘तुझ्यामुळे दादा बरा होणार’ असं सांगितलेलं असतं. दादा बरा झाला नाही, याचा अर्थ त्या पोरीने स्वतःच्या परीने काय लावला, हे तिला विचारायला घरात कुणाला वेळ नसतो. पुन्हा भूल देऊन तिच्या कमरेच्या हाडात सुई घालण्याआधी कुणीतरी तिच्याजवळ बसून नीट बोललं पाहिजे. चांगली युनिटं हे करतात.

औषधांत मुख्य बदल असा, की पहिल्या वेळी ब्युसल्फान वापरलं असेल तर ते सहसा पुन्हा वापरत नाहीत. फ्लुडाराबिन, ट्रिओसल्फान, प्रतिकारशक्ती दाबणारं एटीजी, कधी शरीरभर अगदी कमी मात्रेचं रेडिएशन, अशी जुळवाजुळव होते. तरी धोका पहिल्यापेक्षा जास्तच. पहिल्या मुक्कामात अंगात शिरलेले हट्टी जंतू आणि बुरशी दबा धरून असतात, आणि पुढे मूल होण्याची शक्यता दोन्ही खेपांच्या औषधांनी आणखी घटते. हे कुटुंबाला स्पष्ट सांगायला हवं, कागदावर सही घेण्यापुरतं नाही.

पैशाचं घोडं इथेही पेंड खातं. थॅलेसेमिया आणि अप्लास्टिक ॲनिमियासाठी कोल इंडियाची ‘थॅलेसेमिया बाल सेवा योजना’ ठरावीक रुग्णालयांत दहा लाख रुपयांपर्यंत मदत देते. मुख्यमंत्री सहाय्यता निधी, ट्रस्ट, गावातली वर्गणी हे मार्ग असतात. पण पहिल्या खेपेला ते बहुतेक चोखाळून झालेले असतात. राहण्याचं म्हणाल तर दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळची नाना पालकर स्मृती समिती यांनी टाटाच्या पेशंटांच्या किती पिढ्या सांभाळल्या याला गणती नाही. विदर्भातून निघालेल्या गाडगेबाबांच्या नावाच्या धर्मशाळेत विदर्भातली माणसं आजही पथारी टाकतात.

थॅलेसेमियात आणखी एक पर्याय उरतो, आणि तो उघडपणे मांडावा असं मला वाटतं: दुसरं ट्रान्सप्लांट न करणं. फिल्टर केलेलं रक्त, नियमित गोळ्या, वर्षातून एकदा हृदय-लिव्हरची तपासणी, एवढं नीट चाललं तर माणसं शिकतात, नोकरी करतात, संसार करतात. वर्षभर थांबून मग ठरवलं तरी चालतं. अप्लास्टिकच्या मुलाला ही मुभा बहुधा नसते, हे त्याचं दुर्दैव. म्हणूनच पहिल्याच भेटीत काही गोष्टी विचारून ठेवाव्यात. थॅलेसेमियात हाफ मॅच करणार असाल तर मुलाच्या स्वतःच्या पेशी बॅकअप म्हणून आधी गोठवून ठेवणार का? प्रतिपिंडांची तपासणी झाली का? ग्राफ्ट गेला तर पुढचा डोनर कोण, त्याची टेस्ट आताच करून ठेवायची का? चांगला डॉक्टर या प्रश्नांनी रागावत नाही.

दुसरा ग्राफ्ट धरला, तर निदान शंभर दिवस रुग्णालयाजवळच राहायला सांगतात. काढणीच्या हंगामात गावी धूळ, भुसा, कुटार उडत असतं, आणि त्यातली बुरशी अशा मुलाच्या फुफ्फुसात घर करते. मूल घरी आल्यावर गावच्या सरकारी दवाखान्याला एक अजब काम येतं. जुन्या मज्जेबरोबर लहानपणी घेतलेल्या लसींची आठवणही पुसली गेलेली असते. त्यामुळे नऊ-दहा वर्षांच्या मुलाला तान्ह्या बाळाच्या लसी पुन्हा पहिल्यापासून द्याव्या लागतात. पहिल्या ट्रान्सप्लांटनंतर एकदा दिल्या असतील तरी. गोवरासारखी जिवंत लस दोन वर्षं होऊन, औषधं थांबल्याशिवाय देत नाहीत. सिस्टरच्या रजिस्टरमध्ये एवढ्या वयाचा रकानाच नसतो. ट्रान्सप्लांट केंद्राकडून डिस्चार्जच्या वेळीच लसींच्या तारखांचं पत्र मागून घ्यावं, त्याच्या दोन झेरॉक्स काढाव्यात, एक आशाताईकडे द्यावी.